खुराकावर वाढलेली नाव

मी नाव बोलतेय. पैनगंगेतली, निंबखेड्याच्या घाटावरची. बोलताना मी हलणार, हे आधीच सांगून ठेवते. स्वस्थ बसून आपली कहाणी सांगणं मला जमायचं नाही. बांधून ठेवलं तरी मी डुलते, वारा नसला तरी कुरकुरते. माणसं म्हणतात, हिच्या अंगात भवरा आहे. असेल बाई. पाण्यासाठी जन्मलेल्या वस्तूला काठावर करमत नाही, एवढं खरं.

माझं लाकूड मानोऱ्याकडच्या रानातलं, सागाचं. तिथल्या तांड्यावरच्या प्रेमसिंगनं ते बैलगाडीवर घालून आणलं. रिसोडला पोचेपर्यंत गाडीचा आख एकदा मोडला आणि प्रेमसिंग वाटभर मला शिव्या देत होता. मी तेव्हा नाव नव्हते, नुसते ओंडके होते, पण शिव्या लक्षात राहिल्या. पुढे इंद्रभान सुतारानं मला घडवलं. हाताचा मोठा कसबी माणूस, पण त्यानं जन्मात नाव केली नव्हती. बैलगाड्या, वखरं, दाराच्या चौकटी, यांतच त्याची हयात गेलेली. म्हणून माझ्या कडा जरा गाडीच्या साट्यासारख्याच झाल्या आणि बूड बरंच रुंद झालं. पाण्यात सोडली तेव्हा मी एका अंगाला कलले, सगळा गाव हसला, मग इंद्रभाननं दुसऱ्या अंगाला दोन धोंडे ठेवले आणि मी सरळ झाले. तेव्हा सत्तर साल होतं.

मला ग्रामपंचायतीनं घेतलं होतं. त्याचं कारण नदी. अल्याड निंबखेडा, आणि पल्याड निंबखेड्याचीच वस्ती. छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली घरं पुढे पल्याडच्या गायरानाशेजारी जाऊन राहिली होती. मतं एका पेटीत, शाळा अल्याड, दवाखाना अल्याड, दळण अल्याड. पावसाळ्यात नदी चढली की वस्ती तुटायची. म्हणून नाव, आणि नावेवर नावाडी वस्तीतलाच देवमन. उंच, कमी बोलणारा माणूस. लांब बांबू नदीच्या तळाला टेकवून तो मला असा पुढे रेटायचा की मला वाटायचं मीच चालतेय.

पहिलं वर्ष मी नुसती धावले. सकाळी दळणाच्या पाट्या, दुपारी निंदणाला जाणाऱ्या बाया, संध्याकाळी त्याच बाया आणि त्यांच्या पाट्यांत कोणाच्या तरी शेतातल्या मुगाच्या शेंगा. कोणाच्या, ते मी सांगणार नाही. नावेनं इकडचं तिकडे न्यावं, पण बोलण्यातलं नेऊ नये.

आता माझ्या किमतीची गोष्ट. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

माणिकराव हे गावचे सरपंच. घरचे खाऊनपिऊन सुखी, आणि बैलांचे भारी शौकीन. रिसोडच्या बैलबाजारात त्यांनी हात लावलेल्या गोऱ्ह्याची किंमत चढते, अशी त्यांची ख्याती. लहान गोऱ्हा घ्यायचा, दोन वर्षं सरकी-ढेप चारायची, शिंगं घासायची आणि चढ्या किमतीला विकायचा. गोऱ्ह्याच्या पोटात घातलेला पैसा गोऱ्ह्याच्या अंगावर दिसतो, हे त्यांचं साऱ्या दुनियेविषयीचं शास्त्र.

वर्षाअखेरीला पंचायतीला वरून कागद आला. पंचायतीच्या मालकीच्या वस्तू कोणत्या, आणि त्यांची आज रोजी किंमत काय, ते लिहून पाठवा. ग्रामसेवक शालिग्राम वयानं कोवळे आणि स्वभावानं भिडस्त होते. त्यांनी विचारलं, "सरपंचसाहेब, नाव घेतली तेव्हाची किंमत माहीत आहे. आजची काय लिहू?"

"यंदा तिले डांबर लावलं का नाई?" माणिकराव म्हणाले.

"लावलं."

"खिळे ठोकले?"

"ठोकले."

"मंग थे सारं किमतीत मिळव. खुराक घातला तं किंमत वाढनारच न, बापा!"

शालिग्रामनी पेन उघडलं. त्यांनी मिळवलं. आणि त्या दिवसापासून मी खुराकावर वाढू लागले.

बहात्तर साली नदीनं दगा दिला. पाऊसच झाला नाही. पात्रात वाळू आणि मधून मधून डबकी, आणि मी त्या वाळूत तिरकी पडलेली. अल्याड-पल्याडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आणि जाताना माझ्याजवळून पायी, कोरड्या पायानं नदी ओलांडत. कोणी माझ्याकडे पाहतही नसे. उन्हानं माझ्या फळ्या आकसल्या, फटींतून पलीकडचं दिसू लागलं. त्या वर्षी मी इतकी तळमळले की काय सांगू! पाण्याशिवाय नाव म्हणजे नुसती मोठी परात. कुत्री माझ्या सावलीला झोपत आणि मी त्यांच्या श्वासांबरोबर उगाच हलल्यासारखं करी.

ते वर्ष सरता सरता इंद्रभानला बोलावून मला दुरुस्त केलं. फळ्या बदलल्या, ताग ठोसून फटी बुजवल्या, वर डांबराचे दोन हात दिले. खर्च दणकून झाला. तो सगळा माझ्या किमतीत गेला. म्हणजे बघा, ज्या वर्षी मी एकाही माणसाला पार नेलं नाही, त्याच वर्षी माझी किंमत सगळ्यात जास्त वाढली. माणसांच्या हिशेबाचं मला तेव्हापासून हसू येतं, पण ते हसू फार दिवस टिकलं नाही.

कारण किंमत वाढत वाढत अशी झाली की पंचायतीच्या मालकीच्या वस्तूंत मीच पहिली आले. विहीर माझ्याखाली, कोंडवाडा माझ्याखाली, चावडी माझ्याखाली, एवढंच काय, शाळेची इमारतसुद्धा माझ्याखाली. माणिकरावांना आधी याचा अभिमान वाटला. आल्यागेल्याला घाटावर आणून ते मला दाखवत. मग हळूहळू अभिमानाच्या जागी भीती आली. एक दिवस पुराचं पाणी चढलेलं असताना देवमन मला सोडायला लागला तसे ते धावत आले.

"थांब! कुठी चालला?"

"पल्याड. बाया थांबल्या हायेत," देवमन म्हणाला.

"आन् बुडाली म्हंजे? एवढ्या किमतीची वस्तू हाय. कोन भरनार? तू भरशीन?"

त्याच आठवड्यात पंचायतीनं ठरवलं, नाव पाण्यात घालायची तर नावाड्यानं जामीन आणावा, जमीनवाला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. वस्तीतल्या कोणाच्या नावावर एवढी जमीन नव्हती, आणि गावातला कोणी देवमनसाठी अंगठा द्यायला तयार नव्हता. मग एक साखळी आली, एक कुलूप आलं, आणि मी घाटावरच्या दगडी खांबाला बांधली गेले. भरल्या नदीत, भर श्रावणात.

त्या साखळीनं मला जेवढं छळलं तेवढं दुष्काळानंही नाही. दुष्काळात निदान नदी नव्हती. आता नदी होती, लाटा अंगाला थापट्या मारत होत्या, चल म्हणत होत्या, आणि मी हातभर पुढे जाऊन खाडकन मागे येत होते. दिवसभर तेच. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका म्हणत, "कशी तडफडून राह्यली पाहा, दाव्याच्या गाईवानी."

याच दिवसांत पंचफुलाला बालवाडीची नोकरी लागली. पंचफुला म्हणजे देवमनची बायको. वस्तीत शिकलेली ती एकटीच, आणि नोकरी लागलेलीही पहिलीच. बालवाडी अल्याड, देवळामागच्या खोलीत. घर पल्याड. मध्ये नदी आणि नदीच्या काठी मी, कुलूप लावलेली.

ती पहिल्या दिवशी कशी आली ते मी पाहिलं. वाळलेले भोपळे दोरीनं एकत्र बांधून केलेली सांगड. तिला कवटाळून पंचफुला पाण्यात, मागून देवमन पोहत सांगड ढकलतोय, आणि पंचफुलाच्या डोक्यावर एक घागर. घागरीत कोरडं लुगडं आणि खडूची पेटी. ती माझ्यापासून चार हातांवर काठाला लागली. घाटावरच्या बायकांनी आडोसा केला, तिनं लुगडं बदललं, ओलं पिळून माझ्याच कडेवर वाळत घातलं आणि केस बांधत बालवाडीकडे निघून गेली. दिवसभर ते लुगडं माझ्या अंगावर फडफडत होतं. मला शरम वाटली. मी शरमायचं कारण नव्हतं, कुलूप मी लावलं नव्हतं, तरी वाटली.

पूर फार चढला की सांगड चालत नसे. मग ती पल्याड उभी राहून नुसती पाहायची. असे खाडे वाढले तेव्हा शालिग्राम एकदा तिला म्हणाले, "पंचफुलाबाई, मला तुमची अडचण कळते. पण वरून विचारणा झाली आहे. असेच खाडे पडले तर नोकरी दुसरीला देतील."

"मंग नाव सोडा न साहेब," ती म्हणाली. "नाव कायले बांधून ठेवली? लोनचं घालता का तिचं?"

शालिग्राम चावडीकडे वळले. मी मात्र साखळीला असा हिसका दिला की घाटावरचा कावळा उडाला.

पुढच्या मार्चात पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आले, उकंडराव. कागदावर लिहिलेल्या वस्तू जागेवर आहेत का, आणि लिहिलेली किंमत बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी. आकारानं गोल, बोलण्यात ठसका, तेही याच मातीतले. चावडीत बसून त्यांनी यादी वाचली आणि चष्मा काढून पुसला.

"सरपंच, ह्या नावेची किंमत शाळेच्या इमारतीपेक्षा जास्त? सोन्याची हाय का नाव?"

सगळे घाटावर आले. उकंडरावांनी मला सगळीकडून पाहिलं, काठीनं बूड ठोकून पाहिलं. माणिकरावांनी आपलं शास्त्र सांगितलं. डांबर, खिळे, फळ्या, खुराक, गोऱ्हा, बाजार.

उकंडराव हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "गोऱ्ह्याले खुराक घातला तं तो वाढते. म्हातारा बैल हाय, त्याले खुराक घातला तं?"

"तं... उभा राह्यते."

"किंमत वाढते?"

"नाई. जशी हाय तशीच उतरते."

"मंग ही नाव गोऱ्हा हाय का म्हातारा बैल?"

"म्हातारा बैल," माणिकराव म्हणाले. बैलाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. उकंडरावांनी तिथेच, माझ्या कडेवर कागद ठेवून, हिशेब मांडला. घेतली तेव्हाची किंमत. डागडुजी म्हणजे वस्तू चालती ठेवायचा खर्च, तो किमतीत धरायचा नाही. मग दर वर्षाची झीज वजा, वजा, वजा. मी त्यांच्या पेन्सिलीची कुरकुर ऐकत होते. शेवटी त्यांनी आकडा लिहिला. एक रुपया.

"एक?" शालिग्राम घाबरून म्हणाले. "मग शून्यच का नाही लिहायचं?"

"शून्य लिहिलं तं वस्तू हाय का नाई हेच इसरून जासान. एक रुपया म्हंजे अजून जागेवर हाय, एवढंच."

एका दुपारी मी शाळेवरून घसरून एका रुपयावर आले. गावात हशा पिकला. माणिकरावांचा चेहरा उतरला. त्यांनी कंबरेची किल्ली काढली आणि देवमनपुढे फेकली.

"ने बापा. एका रुपयाची वस्तू हाय. बुडाली तं बुडाली."

मला राग यायला हवा होता. आला नाही. पावसाळा लागला, नदी भरली, साखळी सुटली आणि देवमननं बांबू टेकवला, तेव्हा मी अशी सुटले की काही विचारू नका. एक रुपया तर एक रुपया! पंचफुला पुढच्या टोकाला बसलेली, कोरड्या लुगड्यात, कोरडी पेटी मांडीवर घेऊन. त्या वर्षी तिचा एकही खाडा पडला नाही. तिच्याबरोबर वस्तीतली चिल्लीपिल्लीही बालवाडीत येऊ लागली. माझ्यात बसून ती मुलं आपली गाणी म्हणायची, बेसूर आणि मोठ्यांदा.

पण एका रुपयाचंही एक दुखणं असतं. ते पुढे कळलं.

डांबराचा हात दर वर्षी लागतो. देवमन मागायला गेला तर शालिग्राम म्हणाले, "कसं देऊ? रुपयाच्या वस्तूवर एवढा खर्च का केला, म्हणून मलाच विचारतील." त्या वर्षी डांबर नाही. पुढच्या वर्षी नाही. किंमत जास्त होती तेव्हा मला कोणी वापरू देत नव्हतं, आणि किंमत गेली तेव्हा मला कोणी विचारत नव्हतं. फटींतला ताग कुजला. पाणी आत येऊ लागलं. पंचफुला डालड्याच्या रिकाम्या डब्यानं ते उपसत बसायची आणि मुलांना सांगायची, पाय वर घ्या रे.

अठ्ठ्याहत्तरच्या भादव्यात मधल्या धारेत माझी एक फळी सुटली. पाणी नुसतं घुसलं. मुलं ओरडली. पंचफुलानं डबा टाकला, आपला पदर गोळा करून त्या भोकात कोंबला आणि त्याच्यावर स्वतः बसली. देवमन काठापर्यंत कसा आला ते त्यालाही सांगता येणार नाही. सगळी मुलं काठावर उतरली, मोजून पाहिली, सगळी होती. मी घाटाला टेकले तेव्हा अर्धी पाण्याखाली होते, आणि मला पहिल्यांदाच हलावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठराव झाला. नाव धोक्याची झाली आहे, लिलाव करून यादीतून काढा. नव्या नावेसाठी लिहून पाठवू, मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर पंचफुलानं काय करायचं, हे कोणी बोललं नाही. पुन्हा भोपळे, पुन्हा घागर. आणि मुलांचं तर नावच नको.

लिलावाला घाटावर बरीच गर्दी जमली. एस.टी. स्टँडवरचा हॉटेलवाला भट्टीसाठी जळण पाहिजे म्हणून आला होता. उकंडरावही आले होते. शालिग्रामनी बोली सांगितली, "एक रुपयापासून."

"पाच," हॉटेलवाला म्हणाला.

भट्टी मी पाहिलेली नव्हती, पण जळण म्हणजे काय ते सागाच्या लाकडाला सांगावं लागत नाही.

"एक्कावन," पंचफुला म्हणाली.

गर्दी एकदम हसली. हॉटेलवाल्यानं हात झटकले. "एवढ्यात तं गाडीभर लाकूड येते बाई. ठेव तुले."

देवमन तिच्या कानाशी लागला, पण मला ऐकू आलं. "काहून वं? दहात भेटली असती."

"दहाची नाव दहावानीच राह्यते," ती म्हणाली, आणि हळू बोलायचंही तिनं सोडलं. "रुपयाची होती तं कोनं डांबर लावलं का तिले? घरटी वर्गनी देल्ली हाय वस्तीनं. ज्याचा पैसा हाय तो डांबर लावाले येईन. आपलं म्हनून येईन."

तिच्या हातात पदराची गाठ होती आणि ती गाठ सुटता सुटत नव्हती. उकंडरावांनी पावती लिहिली. लिहिता लिहिता ते म्हणाले, "सरपंच, तुमचं शास्त्र अगदीच चूक नव्हतं. फक्त ते मांडाची जागा चुकली. कागदावर नाई, मानसाच्या मनात मांडाचं होतं."

माणिकराव घाट उतरून आले. खांबाजवळ वाकले. किल्ली देवमनकडून मागून घेतली, साखळी सोडली, गोळा केली आणि आपल्या खांद्यावर टाकली.

"हे काय सरपंच?" देवमन म्हणाला.

"जनावर विकलं का दावं जुन्या मालकाच्या घरी राह्यते. रीतच हाय." "तुमचं दावं तुमी आना."

"आमचं दावं पल्याड हाय," पंचफुला म्हणाली.

"मंग घेऊन जा तिले पल्याड."

खरंच, इतकी वर्षं हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी सगळ्यांची नाव, पण माझा खांब कायम अल्याड. साखळी अल्याड, हुकूम अल्याड. पल्याडच्या माणसांनी काठावर उभं राहून हाक मारायची आणि अल्याडच्यांनी ऐकली तर ऐकायची. त्या दुपारी भोकात चिंध्या कोंबलेली, अंगावर दोरीचा एक धागा नसलेली मी नदी ओलांडत होते. पंचफुला डब्यानं पाणी उपसत होती आणि मध्येच हसत होती. पल्याडच्या काठावर डांबराचं पिंप तापत होतं. म्हातारे, बाया, बुडता बुडता वाचलेली ती पोरं, सगळी हातात काही ना काही घेऊन उभी होती.

आता मी वस्तीच्या घाटावर असते, जांभळीच्या झाडाला. दोरी वस्तीची. कोणत्याही यादीत मी नाही, आज माझी किंमत काय, हे विचारायला कोणी येत नाही. फळ्या जुन्याच आहेत, दुखणंही जुनंच. डांबर दर वर्षी लागतं, त्या दिवशी सगळे माझ्याभोवती, म्हणून वस्तीत चूल उशिरा पेटते. किती पावसाळे निघतील, मला माहीत नाही. अस्वस्थपणा काही गेलेला नाही. आत्ताही पाहा, बोलता बोलता दोरी ताणून धरलीय मी.

तुम्ही कधी निंबखेड्याला आलात आणि पल्याड यायचं असलं तर मला एकच सांगायचंय. लाजू नका. घाटावर उभे राहा आणि जोरानं हाक मारा. नदीला आवाज फार आहे, हळू बोललेलं इकडे पोचत नाही.

परवाच पल्याडच्या एका गावात बैलजोडी पाहायला निघालेले माणिकराव अल्याड उभे होते. बराच वेळ नुसतेच उभे. छत्री या हातातून त्या हातात. मला ते दिसत होते, देवमनलाही दिसत होते, पण हाक आल्याशिवाय नाव सुटत नाही, ही पूर्वीपासूनची रीत. शेवटी त्यांनी तोंडाला हात लावला.

"ओ देवमनभाऊ! नाव धाडा हो!"

देवमननं बांबू उचलला. मी त्याच्याआधीच निघाले होते.